‘होतंच असं’ म्हणण्याआधी

पहिल्यांदा दिवस गेलेल्या बाईच्या कानावर नऊ महिन्यांत सगळ्यांत जास्त वेळा पडणारं वाक्य म्हणजे, ‘होतंच गं असं.’ पाय सुजले, होतंच. धाप लागली, होतंच. अंगाला खाज सुटली, तेही होतंच. बहुतेक वेळा ते खरं असतं आणि म्हणणारीच्या मनात मायाच असते. पण काही वेळा ते खरं नसतं, आणि तेव्हा त्या एका वाक्यापायी दोन-चार मोलाचे दिवस हातचे जातात. पहिलटकरणीकडे ताडून पाहायला मागचं बाळंतपण नसतं. तिला एकच आधार असू शकतो: शरीरात कोणता बदल का होतोय हे माहीत असणं. कारण कळलं की त्या कारणात न बसणारी गोष्ट चटकन खुपते. म्हणून इथे प्रत्येक तक्रारीसोबत तिचं कारण आणि तिची हद्द दिली आहे.

आधी हिशेब. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्यामुळे पाळी चुकली आणि किटवर दोन रेघा आल्या, की कागदावर चार-पाच आठवडे झालेलेच असतात. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. शेवटची पाळी 10 जानेवारीला आली असेल तर बाळंतपणाची अंदाजे तारीख 17 ऑक्टोबर. आपलं ‘नऊ महिने नऊ दिवस’ या हिशेबाच्या अगदी जवळ आहे. पण हे गणित 28 दिवसांच्या पाळीचं. पाळी पुढेमागे होत असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने दिलेली तारीख जास्त भरवशाची. नंतरच्या सोनोग्राफीत तारीख आठवडाभर इकडेतिकडे दिसली तर घाबरू नका, ती बदलूनही घेऊ नका.

मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या-दहाव्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि चौदा-सोळाव्यापर्यंत बहुतेकींची ओसरते. गर्भाच्या वारेकडून येणारं एचसीजी हे संप्रेरक याच काळात शिखरावर असतं. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, म्हणून उशाशी लाह्या, मुरमुरे किंवा खाखऱ्याचा डबा ठेवायचा, डोळे उघडल्यावर आडव्यानेच थोडं खायचं आणि पंधरा मिनिटांनी उठायचं. पाणी जेवणासोबत घटाघटा न पिता मधल्या वेळात घोट घोट. गरम फोडणीचा वास सोसत नसेल तर थंड अन्नाला वास कमी येतो: दहीभात, गार पेज, उकडलेला बटाटा. एवढ्याने भागलं नाही तर गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, डॉक्टरांकडे मागा. सोसत बसण्यात काही पुण्य नाही.

आता हद्द. चोवीस तासांत पाणीही पोटात ठरलं नाही, लघवी गडद पिवळी होऊन अगदी थोडी होऊ लागली, किंवा वजन पाच टक्क्यांनी उतरलं (पन्नास किलोच्या बाईचं अडीच किलो), तर ते ‘कडक डोहाळे’ नव्हेत. सलाइन लागतं. आणि पाचव्या महिन्यानंतर नव्याने सुरू झालेल्या उलट्यांचा या मळमळीशी संबंध नसतो. त्यांचं कारण वेगळं शोधावं लागतं.

या काळात इतर गोळ्या राहिल्या तरी फॉलिक ॲसिड राहू देऊ नका. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतो ती नळी आठवड्यांच्या हिशेबात सहाव्या आठवड्यातच मिटते, म्हणजे कित्येक बायकांना बातमी कळून जेमतेम आठवडा झालेला असतो तेव्हा. खरं तर ही गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायची. राहिली असेल तर कळलं त्या दिवसापासून.

रक्ताबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण ‘होतंच असं’चा सगळ्यांत मोठा घोटाळा इथे आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. त्यातला पातळ द्रव खूप वाढतो, तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. डाळ तेवढीच आणि पाणी जास्त, तसं वरण पातळ होतं. म्हणून मधल्या तीन महिन्यांत हिमोग्लोबिन थोडं खाली येतं, आणि म्हणूनच एरवी बाईसाठी 12 ची असलेली हद्द गरोदरपणात 11 धरतात. पातळपणाची सूट 12 वरून 11 पर्यंतचीच आहे, 9 पर्यंतची नाही. 11 च्या खाली पंडुरोग, 7 च्या खाली तर दवाखान्यात दाखल करण्याची वेळ. बाळंतपणात रक्त जातंच. आधीच कमी असलेल्या बाईला तेवढंही सोसत नाही.

सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस. त्याच सुमारास कॅल्शियम सुरू होतं, 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. गडबड होते ती इथे, कारण सोयीसाठी दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या जातात आणि कॅल्शियम लोहाला आतड्यात शोषू देत नाही. घरात चालेल अशी वेळ म्हणजे: न्याहारीबरोबर कॅल्शियम, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी लोहाची गोळी, रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरी कॅल्शियम. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत किंवा आवळ्याच्या फोडीसोबत घ्यावी, दुधासोबत कधीच नाही. आणि चार वाजताचा चहा! दुपारी तीनला गोळी आणि लगेच चहा म्हणजे गोळी वाया. मध्ये तास-दीड तास जाऊ द्या. गोळीने मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्या. शौचाला काळं होणं हे गोळीमुळेच, त्याची काळजी नको. बद्धकोष्ठ झाला तर इसबगोल, पाणी आणि सालासकट फळं; तरी त्रास टळला नाही तर गोळीचा प्रकार बदलून मागा किंवा शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. गोळी गुपचूप बंद करणं हा सर्वांत वाईट उपाय.

बीट लाल असतं म्हणून त्यात रक्त वाढवणारं लोह भरपूर असतं असं नाही. गूळ-शेंगदाणे चांगलेच, पण घसरलेलं हिमोग्लोबिन गुळाने वर येत नाही. पालेभाजीतलं लोह अंगी फार थोडं लागतं, वर लिंबू पिळलं तर जरा जास्त. मटण, मासे खात असाल तर त्यातलं लोह सर्वांत चांगलं शोषलं जातं.

गोळ्या नीट घेऊनही महिनाभरात आकडा हलला नाही, तर ‘माझं आधीपासून कमीच असतं’ म्हणून सोडू नका. जंत असू शकतात. त्यासाठी पहिले तीन महिने उलटल्यावर अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची एकच गोळी देतात. शाकाहारी घरांत ब-12 ची कमतरता फार दिसते, आणि ती लोहाने भरत नाही. विदर्भात, नंदुरबारकडे आणि आदिवासी भागांत सिकलसेल. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत थॅलेसेमिया. हे दोन्ही आई-बापांकडून येणारे रक्ताचे आजार. यासाठी एकदाच करायची रक्ततपासणी असते. तुमच्यात दोष वाहक स्वरूपात निघाला, म्हणजे तुम्हाला आजार नाही पण दोष बाळाकडे जाऊ शकतो, तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या, कारण दोघंही वाहक असतील तर बाळाबद्दलचे निर्णय वेळेत घ्यावे लागतात. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर 28 व्या आठवड्यातलं अँटी-डी इंजेक्शन डायरीत आत्ताच लिहून ठेवा. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत आणखी एक.

एवढं रक्त फिरवायचं म्हणजे हृदयाला काम वाढतं. नाडीचे ठोके मिनिटाला दहा ते वीसने वाढतात, जिना चढताना धाप लागते. यात गर्भाशय वर सरकल्याचा वाटा आहेच, पण धाप पोट दिसायच्या आधीच सुरू होते, कारण प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मेंदूला खोल श्वास घ्यायला लावतं. हे सगळं बसल्यावर शमतं. बसल्या जागी धाप, आडवं झाल्यावर गुदमरणं, रात्री श्वासासाठी दचकून उठणं, छातीत दुखणं, यातलं काहीही या खात्यात येत नाही.

तेच प्रोजेस्टेरॉन आतड्यांना आणि जठराच्या तोंडाला सैल करतं. छातीतली जळजळ, गॅस, बद्धकोष्ठ आणि मूळव्याध ही एकाच कारणाची चार रूपं. थोडं-थोडं खाणं आणि रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकणं याने बरंच निभावतं. हिरड्या सुजून ब्रशला रक्त लागतं; तेव्हा ब्रश सोडू नका, मऊ घ्या.

‘आता दोन जिवांचं खा’ हे प्रेमाने म्हटलं जातं, पण चौथ्या महिन्यापासून रोज लागतात त्या साधारण 350 कॅलरी जास्त: एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध. वजन अंगाबरोबर बघायचं. आधी वजन बेताचं असेल तर दहा-बारा किलो वाढ चांगली. बारीक असाल तर थोडी जास्त, आधीच जाड असाल तर सात-आठ पुरे. त्यात बाळ तीन किलोच्या आसपास, वार अर्धा-पाऊण किलो, बाळाभोवतीचं पाणी तेवढंच, गर्भाशय एक किलो, जादा रक्त दीड किलो, आणि उरलेलं स्तन, अंगातलं पाणी आणि दूध तयार करायला साठवलेली चरबी. ज्या गर्भाशयाचं वजन आधी जेमतेम साठ-सत्तर ग्रॅम होतं ते शेवटी किलोभर होतं. बाराव्या आठवड्यात ते ओटीपोटाच्या हाडापाशी हाताला लागतं, विसाव्यात बेंबीपाशी, छत्तिसाव्यात बरगड्यांखाली. विसाव्यानंतर टेपने मोजलेले सेंटिमीटर आणि आठवडे जवळजवळ जुळतात. दोन-तीनचा फरक चालतो, त्याहून जास्त पडला तर सोनोग्राफी. पोट टोकदार की पसरट यावरून मुलगा-मुलगी ठरत नाही. सोनोग्राफीत ते विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हे आहेत. 1988 साली तसा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, देशभराचा कायदा 1994 चा.

आता सूज. गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर दाब देतं, म्हणून पायांतलं रक्त वर चढायला वेळ लागतो. ही सूज संध्याकाळची, घोट्यांवरची, दोन्ही पायांना सारखी आणि रात्रीत उतरणारी. तिला पाय उंचावर ठेवणं पुरतं. अंगठ्या मात्र सातव्या महिन्याच्या आतच काढून ठेवा, नंतर साबणानेही निघत नाहीत.

सकाळी उठल्यावर पापण्या जड, चेहरा फुगलेला, बोटं वळत नाहीत, दोन-चार दिवसांत वजन एकदम किलो-दीड किलो वर, अशी सूज वेगळी. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात त्या आजाराची ती खूण असू शकते, आणि हा आजार पहिलटकरणींना जास्त होतो. डोकं दुखतंय आणि पॅरासिटामॉलने राहत नाही, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, उलट्या, यातलं एक जरी असेल तरी त्याच दिवशी रक्तदाब मोजायचा. शेवटच्या महिन्यांतलं बरगडीखालचं दुखणं ‘ॲसिडिटी’ म्हणून चार-चार दिवस काढलं जातं, तेवढं टाळा. एकाच पिंढरीला सूज, दुखरेपणा आणि लाली असेल तर ती शिरेत रक्ताची गाठ असू शकते. चोळू नका, तेलही लावू नका, दवाखाना गाठा.

घरी यंत्र असेल तर मोजण्याची रीत पाळा, नाहीतर आकडा फसवतो. आधी लघवी करून या. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी न घालता पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीवर, हात टेबलावर टेकवलेला. मोजताना बोलायचं नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो; छोट्याने आकडा उगाच वाढीव येतो. 140/90 किंवा वर आला तर त्याच दिवशी डॉक्टर. 160/110 असेल तर ताबडतोब, रात्र असली तरी. मीठ तोडून किंवा पाणी कमी करून हा आजार थांबत नाही. त्यात दोन दिवस जातात आणि झटके यायची भीती वाढते.

खाजेचंही असंच. पोटाची कातडी ताणली जाते, खाजते, तेलाने बरं वाटतं. ताणाच्या रेषा तेलाने थांबत नाहीत, महागड्या क्रीमनेही नाही. त्या बऱ्याचशा अनुवंशाने ठरतात आणि वर्षभरात फिक्या होतात. बेंबीखालची काळी रेघ आणि गालावरचे वांग हेही संप्रेरकांमुळे. वांगाला ऊन वाढवतं, म्हणून बाहेर पडताना सनस्क्रीन किंवा ओढणी. पण शेवटच्या तीन महिन्यांत तळहात आणि तळपाय खाजू लागले, रात्री जास्त, आणि अंगावर पुरळ कुठेच नाही, तर ते कातडीचं नसून यकृताचं दुखणं असू शकतं. पित्ताचे घटक रक्तात साचतात. आईला फक्त खाज येते, धोका बाळाला असतो. यकृताची तपासणी आणि रक्तातल्या बाइल ॲसिडची तपासणी सांगतात, आणि त्यावरून बाळंतपण कधी करायचं ते ठरतं. कॅलामाइन लावून वाट पाहण्यासारखी ही गोष्ट नाही.

अंगावरून पांढरं जाणं गरोदरपणात वाढतं. पातळ, दुधट, वास नसलेलं असेल तर काही करायचं नाही. दह्याच्या चोथ्यासारखं आणि खाज असेल तर बुरशी, तिच्यावर साधं औषध आहे. लघवी वारंवार होणारच, जळजळ मात्र नको. तापासकट जळजळ असेल तर उशीर नको. लघवी झाली की पाणी गेलं हे कळत नसेल तर स्वच्छ पॅड लावून तासभर हिंडा. वास लघवीचा नसेल आणि खोकल्यावर पुन्हा ओलं होत असेल तर पाणमोटीला चीर गेल्याचं धरून निघा. पाणी हिरवट असेल तर क्षणही थांबू नका. आणि रक्त कोणत्याही महिन्यात, कितीही थोडं दिसलं, तरी कळवायचं.

सांधे सैल होतात, पोटाचा भार पुढे येतो, कंबर दुखते. ओटीपोटाच्या हाडाशी कळ येत असेल तर एका पायावर उभं राहणं टाळा: सलवार, परकर बसून घाला, कूस बदलताना दोन्ही गुडघे जोडून वळा. रात्री पिंढरीत गोळा आला तर पायाची बोटं स्वतःकडे ओढा, पुढे ताणू नका, गोळा आणखी घट्ट होतो. स्तनांतून पाचव्या-सहाव्या महिन्यापासून चीक ओलसर येऊ शकतो. टिपून घ्या, पिळून बघू नका.

बाळाची हालचाल पहिलटकरणीला साधारण अठरा ते वीस आठवड्यांत कळते. वार पुढच्या भिंतीला असेल तर आणखी उशिरा. 28 व्या आठवड्यापासून पाठीवर झोपणं सोडा, कारण गर्भाशयाखाली मोठी रक्तवाहिनी दबते. डाव्या कुशीवर उत्तम, उजवीही चालते. झोपेत उताणे झालात तर कूस बदला, बाळाला काही झालं असेल म्हणून रडू नका. याच आठवड्यापासून बाळ रोज कधी आणि कसं हलतं याकडे लक्ष ठेवा. शंका आली तर डाव्या कुशीवर पडून मोजा: दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. ‘दिवस भरत आले की बाळाला जागा उरत नाही, शांत होतं’ हे साफ खोटं आहे. लाथेचा जोर बदलतो, संख्या घटत नाही. कमी झाली तर सकाळची वाट न पाहता निघा.

पहिल्या खेपेला डोकं बहुधा छत्तीस ते अडतीस आठवड्यांत खाली बसतं. श्वास मोकळा होतो, लघवी वाढते. खोट्या कळा चाललं, पाणी प्यायलं की विरतात. खऱ्या कळा कंबरेतून पुढे येतात आणि दर वेळी जवळ-जवळ होत जातात. पाच मिनिटांना एक, मिनिटभर टिकणारी, असं तासभर झालं की निघायची वेळ. दवाखाना दूर असेल, वाडी-पाड्यावर राहत असाल, तर एवढं थांबू नका. 102 किंवा 108 आधीच लावा.

आणि बाळ झाल्यावर पोट लगेच आत जात नाही, पाचव्या-सहाव्या महिन्याएवढं दिसतं. गर्भाशय मूळ मापाला यायला सहा आठवडे लागतात. पोटाला पट्टा बांधल्याने आधार वाटतो, फाकलेले स्नायू त्याने जुळत नाहीत. त्याला व्यायाम लागतो. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर ते ‘बाळंतिणीचं जाणं’ नव्हे. रक्तदाब पहिल्या आठवड्यात पुन्हा चढू शकतो. शेगडी बंद खोलीत ठेवू नका, तिचा धूर बाळाच्या छातीत जातो. तिसऱ्या महिन्यात केस मूठमूठ गळतील. गरोदरपणात जे गळायचे थांबले होते तेच हे, टक्कल पडत नाही. लोहाच्या गोळ्या आणखी 180 दिवस आहेत, आणि त्या हमखास विसरल्या जातात, कारण घराचं सगळं लक्ष पाळण्याकडे गेलेलं असतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं संप्रेरकं एकदम उतरल्याने होतं, दोन आठवड्यांत निवळतं. दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तेव्हा कोणी ‘होतंच असं’ म्हटलं तरी डॉक्टरांना सांगा. कुणाशी बोलायचं तेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं. स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल भलते विचार येत असतील तर त्या बाईला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.